परक्याची फिर्याद

इ.स.पूर्व ३५१ च्या सुमारास अथेन्समध्ये एक कर्जरोखा लिहिला गेला. सावकार दोघे : अथेन्सच्याच स्फेट्टस वस्तीतला आंद्रोक्लिस आणि युबिया बेटावरच्या कॅरिस्टसचा नॉसिक्रेटिस. ऋणको दोघे : आजच्या तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या फासेलिस गावचे आर्टेमॉन आणि अपोलोडोरस. मुद्दल ३००० द्राख्मा, म्हणजे रोज एक-दीड द्राख्मा कमावणाऱ्या मजुराची सात-आठ वर्षांची मिळकत. या पैशांतून मेंडे किंवा स्किओने इथली ३००० कुंभ दारू विकत घ्यायची, ती हिब्लेसिअसच्या वीस वल्ह्यांच्या गलबतात भरायची, काळ्या समुद्रापर्यंत नेऊन विकायची, आणि परतीचा माल त्याच गलबतातून अथेन्सला आणायचा. व्याज सबंध सफरीचे दर हजारी २२५. मात्र स्वातीच्या उदयानंतर काळ्या समुद्रातून निघाले तर दर हजारी ३००. ग्रीकांचा ‘आर्कटुरस’ म्हणजे आपली स्वाती. सप्टेंबरच्या मध्यावर ती पहाटे पूर्वेला दिसू लागली की भूमध्य समुद्राचा भरवसा संपला, म्हणून व्याजही चढले. काळ्या समुद्रात शिरणे जमलेच नाही, तर व्याधाच्या उदयानंतर दहा दिवस हेलेस्पाँटमध्ये थांबायचे, हेही कलम आहे. मालावर दुसरे कर्ज आधीच नसावे, पुढेही काढू नये. गलबत सुखरूप परतल्यावर वीस दिवसांत फेड करायची. वजावट दोनच : वादळात सर्वांच्या संमतीने समुद्रात टाकलेला माल, आणि शत्रूच्या हाती पडल्यास द्यावा लागलेला पैसा. माल बुडाला तर सावकाराचे मुद्दलही बुडाले. आपल्याकडच्या पेढ्यांवर चालणाऱ्या जोखमी हुंडीची आठवण व्हावी असा हा व्यवहार आहे.

हा दस्त आपल्यापर्यंत पोचला तो डेमॉस्थेनिसच्या नावावर असलेल्या एका न्यायालयीन भाषणात नक्कल म्हणून घातला गेल्यामुळे. त्यातले तारे, नक्षत्रे आणि व्याजाचे दर वाचताना मन रमते. पण खरी नवलाची गोष्ट नावांच्या यादीत आहे. तीन वेगवेगळ्या राज्यांतली चार माणसे, नातेगोते नाही, देव-जत्रा एक नाही, आणि तरीही एकाने दुसऱ्याच्या हाती आठ वर्षांची मजुरी ठेवून त्याला वर्षाच्या मोसमापुरते क्षितिजापलीकडे जाऊ दिले. प्राचीन भूमध्य जगातल्या व्यापाराची वाढ समजावताना आपण सहसा समुद्राचे, चांदीच्या खाणींचे किंवा आरमाराचे नाव घेतो. समुद्र तर आधीही तिथेच होता. माझे म्हणणे असे की इ.स.पूर्व पाचव्या-चौथ्या शतकांत जे नवे घडले ते किनाऱ्यावर घडले : परक्या माणसाला परक्या गावात फिर्याद करता येऊ लागली, आणि तिचा निकाल गलबत सुटायच्या आत लागू लागला.

याचे मोल कळायला आधीची स्थिती पाहावी लागते. ग्रीक जगात हजाराच्या आसपास नगरराज्ये होती. प्रत्येकाचे कायदे वेगळे, पंचांग वेगळे, पुष्कळांची नाणीही वेगळी. एका गावच्या माणसाने दुसऱ्या गावच्या माणसाचे पैसे बुडवले, तर त्यावर जो उपाय होता त्याला ग्रीक ‘सिले’ म्हणत : बुडवणाऱ्याच्या गावचा जो कुणी सापडेल त्याचा माल धरायचा. म्हणजे ऋण एकाचे आणि गाठोडे दुसऱ्याचे. अशा जगात प्रत्येक बंदरात उतरताना व्यापाऱ्याच्या डोक्यावर आपल्या गावातल्या सगळ्या लबाडांचे ओझे असणार. मध्य ग्रीसमधल्या ओइआन्थिया आणि खालिऑन या दोन छोट्या गावांनी पाचव्या शतकात केलेला तह एका काशाच्या पत्र्यावर कोरलेला सापडला आहे आणि तो आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. त्यात जप्ती बंद झालेली नाही, तिला फक्त कुंपण घातले आहे. एकमेकांच्या हद्दीत जमिनीवर परक्याचा माल धरायचा नाही, समुद्रात धरला तर चालेल, पण बंदराच्या आत नाही. बेकायदा धरला तर दंड चार द्राख्मा. दोन खेडेवजा गावांनी धातूवर कोरून ठेवावे इतके हे दुखणे रोजचे होते, आणि इतका काथ्याकूट करून सुरक्षित झाले ते बंदराच्या तोंडाच्या आतले तेवढे पाणी.

अथेन्सने या दुखण्यावर काढलेली वाट टप्प्याटप्प्याने रुंद होत गेली, आणि योगायोगाने तिच्या दोन्ही टोकांना फासेलिसचेच लोक उभे आहेत. पाचव्या शतकातल्या एका शिलालेखानुसार अथेन्समध्ये झालेल्या व्यवहारांवरून फासेलिसच्या माणसाशी तंटा झाला, तर तो अथेन्समध्येच, पोलेमार्क या अधिकाऱ्यापुढे चालवायचा असे ठरले. ही एका मित्रगावाला दिलेली सवलत होती. साम्राज्याच्या काळातली मेहेरबानीच म्हणा. चौथ्या शतकाच्या मध्यावर मात्र ‘दिकाय एम्पोरिकाय’ म्हणजे व्यापारी दावे हा वेगळा वर्गच निर्माण झाला. आता न्यायालय विचारू लागले ते एवढेच की व्यवहार अथेन्सला येणाऱ्या किंवा अथेन्सहून जाणाऱ्या मालाचा आहे का, आणि लेखी करार आहे का. फिर्यादी कुठल्या गावचा, नागरिक की उपरा, हा प्रश्न दाराबाहेर राहिला. हे दावे सप्टेंबर ते एप्रिल या महिन्यांत, म्हणजे गलबते किनाऱ्याला लागलेली असताना चालत, म्हणजे उन्हाळ्यात व्यापारी मोकळा. हरलेला पैसे देईपर्यंत तुरुंगात बसे, कारण परक्याची शेतीवाडी जप्त करायला अथेन्समध्ये असणार कुठून? उलट फिर्यादीचा दावा सपशेल फेटाळला गेला तर दाव्याच्या सहाव्या हिश्शाचा भुर्दंड त्यालाच. झेनोफनने इ.स.पूर्व ३५५ च्या सुमारास शहराच्या उत्पन्नावर एक पुस्तिका लिहिली. तीत त्याने सुचवले होते की बंदरपेठेतले तंटे जे अधिकारी सर्वांत न्यायाने आणि लवकर सोडवतील त्यांना बक्षीस द्यावे, म्हणजे निघू पाहणाऱ्याचा खोळंबा होणार नाही. घोडदळातला सरदार, सॉक्रेटिसचा शिष्य, आणि त्याला चिंता कोर्टातल्या तारखांची!

न्यायालयाइतकेच महत्त्वाचे होते नाणे. अथेन्सचे घुबडछाप चांदीचे नाणे इतके पसरले की इजिप्तपासून सीरियापर्यंत त्याच्या नकला पडू लागल्या, काही चोख चांदीच्या, काही आत तांबे किंवा शिसे असलेल्या. इ.स.पूर्व ३७५ मध्ये निकोफॉन नावाच्या नागरिकाच्या सूचनेवरून झालेला कायदा १९७० मध्ये अथेन्सच्या अगोराच्या उत्खननात दगडावर कोरलेला मिळाला. पेशवाईतल्या पोतदाराचे काम करणारा एक सरकारी नाणेपारखी अगोरात सराफांच्या मेजांजवळ बसे. या कायद्याने तसाच दुसरा पारखी पिरिअस बंदरात, व्यापारी आणि गलबतवाल्यांसाठी नेमला. नाणे तांब्याच्या पोटाचे निघाले तर त्याने ते तिथल्या तिथे कापायचे आणि ते देवमातेच्या नावे जमा व्हायचे. चोख चांदीची परकी नक्कल असेल तर मालकाला परत. पारख्याने खरे ठरवलेले नाणे नाकारणाऱ्या विक्रेत्याचा त्या दिवसाचा सगळा माल जप्त. आणि हा पारखी स्वतः कोण, तर सरकारी गुलाम. तो जागेवर बसला नाही किंवा त्याने नीट तपासले नाही, तर त्यालाच पन्नास फटके. ज्याच्या एका शब्दावर नागरिकाचा माल जप्त होई, त्याच्या पाठीला संरक्षण नव्हते. अथेनियन बाजाराची सोय आणि क्रौर्य अशी एकाच कलमात शेजारी बसलेली आहेत. पुढे गुलामगिरीचा विषय येईल तेव्हा हा पारखी ध्यानात असू द्यावा.

पहिला आक्षेप सरळ आहे : ही संस्थांची कमाई नसून आरमाराची आहे. ज्याच्याकडे शेकडो युद्धनौका, त्याच्या बंदरात व्यापारी येणारच, कोर्ट असो वा नसो. पाचव्या शतकापुरते यात तथ्य आहे. पण इ.स.पूर्व ४०४ मध्ये अथेन्स स्पार्टाकडून पूर्ण हरले, तट पाडले गेले, आरमार बारा नौकांवर आले. त्यानंतर दोन-चार वर्षांतच बंदरावरच्या दोन टक्के जकातीचा मक्ता एकदा ३० टॅलंटला आणि पुढच्या वर्षी ३६ टॅलंटला गेला. वक्ता अँडोसिडिस हे सांगतो, कारण दुसरा मक्ता त्यानेच घेतला होता, आणि वर नफाही राहिला म्हणतो. दोन टक्क्यांचे ३६ टॅलंट म्हणजे आयात-निर्यात मिळून किमान १८०० टॅलंटची उलाढाल, एक कोटी आठ लाख द्राख्मा, तीही कंबर मोडलेल्या शहरात. पुढे इ.स.पूर्व ३५५ मध्ये मित्रराज्यांशी झालेल्या युद्धात अथेन्सने दुसऱ्यांदा मार खाल्ला. डेमॉस्थेनिस सांगतो की एके काळी राज्याचे उत्पन्न १३० टॅलंटवर आले होते आणि त्याच्या बोलण्याच्या वेळी, म्हणजे इ.स.पूर्व ३४१ च्या सुमारास, ते ४०० वर गेले होते. व्यापारी दाव्यांची नवी व्यवस्था नेमकी या मधल्या वर्षांतली. लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी याच सुमारास पुन्हा चालू झाल्या, तेव्हा सगळे श्रेय न्यायालयांना देणे चूक ठरेल. पण साम्राज्य गेल्यावर उत्पन्न तिप्पट व्हावे, याचा खुलासा ‘आरमार’ या एका शब्दाने होत नाही.

याच आक्षेपाची अधिक टोकदार बाजू धान्याची आहे. अथेन्सच्या परिसरातली जमीन शहराचे पोट भरू शकत नव्हती. क्रिमियाच्या बाजूच्या बॉस्पोरस राज्यातून वर्षाला चार लाख मेडिम्नॉय धान्य येते असे डेमॉस्थेनिस सांगतो. मेडिम्नॉस म्हणजे सुमारे ५२ लिटरचे माप. तिथला राजा ल्यूकॉन अथेन्सला जाणाऱ्या धान्यावरची तिसावा हिस्सा जकात माफ करी आणि बदल्यात अथेन्सने त्याला नागरिकत्व दिले होते. पण या गोड देवाणघेवाणीखाली दंडुका होता. अथेन्समध्ये राहणाऱ्या कुणीही धान्य अन्य बंदरात नेले, किंवा अथेन्सला धान्य न आणणाऱ्या गलबतावर पैसे लावले, तर जबर शिक्षा. साठेबाज धान्यविक्यांविरुद्ध लिसिअसने इ.स.पूर्व ३८६ मध्ये केलेल्या भाषणात मागणी आहे ती देहदंडाचीच. तेव्हा अथेन्सचा बाजार ‘मुक्त’ होता असे कुणी म्हणत असेल तर ते मला मान्य नाही. तो बांधलेला बाजार होता. फरक इतकाच की बंधने आधी लिहिलेली होती, आणि तोच कायदा बजावून परक्यालाही अथेनियन माणसाला कोर्टात खेचता येत होते. लेखी जाचाचा हिशेब व्यापारी व्याजात धरू शकतो. लहरीचा नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो मोझेस फिन्ली या इतिहासकाराने १९७३ च्या आपल्या प्राचीन अर्थव्यवस्थेवरच्या पुस्तकात मांडला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की ग्रीक-रोमन माणूस पैशाचा विचार प्रतिष्ठेच्या चौकटीत करी. जमीन हे खरे धन, ती फक्त नागरिकाची. व्यापार उपऱ्यांच्या आणि मुक्त गुलामांच्या हाती, म्हणून कमी प्रतीचा. एकजीव बाजार, गुंतवणूक, वाढ हे आपले शब्द आपण त्यांच्या तोंडी घालतो. फिन्लीने पोथीतल्या ग्रीकांना फॅक्टरीमालक बनवण्याची हौस मोडून काढली हे चांगलेच झाले. पण त्याच्याच पुराव्यात दुसरी गोष्ट दिसते. डेमॉस्थेनिसच्या वडिलांच्या मालमत्तेत ७००० द्राख्मा समुद्री कर्जात लावलेले होते. हे प्रतिष्ठित नागरिकाचे घर. पासिऑन हा गुलाम, पेढीवर कामाला, पुढे मुक्त झाला, पेढीचा मालक झाला आणि शेवटी अथेन्सचा नागरिक. त्याचा गुलाम फॉर्मिऑन, तोही मुक्त होऊन तीच पेढी चालवू लागला आणि त्यालाही नागरिकत्व मिळाले. व्यापाराला हलके मानणारे शहर कायद्याने मात्र त्याची सोय करत होते. इ.स.पूर्व ३३३ मध्ये सायप्रसच्या किटिऑन गावच्या फिनिशियन व्यापाऱ्यांना आपल्या देवीचे देऊळ बांधायला जमीन घेऊ द्यावी असा ठराव लिकर्गसने मांडून मंजूर करून घेतला, इजिप्तच्या लोकांनी इसिसचे देऊळ बांधले आहे तसेच, या दाखल्यावर. जमीन फक्त नागरिकाची, या नियमाला पाडलेले हे भोक होते. वाढ कुणाच्या डोक्यात हेतू म्हणून असावी लागत नाही. धान्य यावे, जकात भरावी, भांडणे मिटावीत एवढेच हेतू पुरतात.

आता कुणी म्हणेल, ही न्यायालये इतकी चांगली, तर त्यांची भाषणे लबाड्यांनी का भरली आहेत? आरंभी सांगितलेल्या रोख्याचीच गोष्ट घ्या. सावकारांच्या म्हणण्यानुसार गलबतात ३००० ऐवजी ५०० कुंभसुद्धा चढले नव्हते. त्याच मालावर दुसरीकडे आणखी कर्ज काढले गेले आणि शेवटी सांगण्यात आले की गलबत फुटले. तोवर आर्टेमॉन वारला होता. त्याचा भाऊ लॅक्रिटस, जो नामवंत शिक्षक आयसोक्रेटिसचा शिष्य, म्हणू लागला की मी वारसच नाही. त्याहून नाट्यमय प्रकरण मार्सेच्या हेगेस्ट्रेटसचे. त्याने आणि साथीदाराने सिराक्यूजमध्ये कर्जे काढली, पैसे गुपचूप घरी पाठवले, आणि गलबत बुडाले तर देणे बुडेल या हिशेबाने दोन-तीन दिवसांच्या वाटेवर रात्री तळाशी उतरून भोक पाडायला घेतले. आवाज झाला, लोक धावले, हा पळत जाऊन होडीत उडी मारायला गेला, ती अंधारात चुकली आणि समुद्रात बुडून मेला. गलबत मात्र केफालोनिया बेटाला लागले आणि तिथून अथेन्सला आलेच. या कज्ज्यांतून व्यवस्था नासलेली दिसते असे पुष्कळांना वाटते. मला नेमके उलटे दिसते. जिथे अनोळखी माणसाला उधार मिळतच नाही तिथे अशी लबाडी करायला वावच नसतो. शिवाय दोन्ही प्रकरणांत पैसे लावणाऱ्याने गुंड पाठवले नाहीत, दुसऱ्या कुणा फासेलिसकराचे गाठोडेही उचलले नाही. तो न्यायाधीशांपुढे दस्त वाचून दाखवायला उभा राहिला.

पण खरोखर वाढ झाली का? भूमध्य समुद्रातल्या प्राचीन गलबतांच्या अवशेषांची ए. जे. पार्कर यांनी १९९२ मध्ये केलेली यादी सुमारे बाराशेंची आहे, आणि त्यांची संख्या रोमन काळाच्या आरंभीच्या शतकांत शिखर गाठते. यावर डोळे झाकून विसंबू नये. मातीचे कुंभ तळाशी हजारो वर्षे टिकतात, लाकडी पिंपे कुजतात. आणि पाणबुडे जिथे जातात तिथलीच गलबते सापडतात. म्हणून दुसरी साक्ष हवी, आणि ती ग्रीनलंडच्या बर्फातून आली. चांदी गाळताना उडणारे शिसे वाऱ्याने तिथवर जाऊन थरांत साठले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत फिनिशियनांच्या विस्ताराबरोबर ते चढताना, रोमच्या यादवी युद्धांत पडताना आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या महामारीनंतर कोसळताना दिसते. ग्रीक घरांची मोजमापे घेणाऱ्यांना चौथ्या शतकातले साधे घर आठव्या शतकातल्या घराहून कितीतरी मोठे आणि नीट बांधलेले आढळते. साक्षीदार तिघे, एकमेकांना न ओळखणारे, आणि सांगतात साधारण एकच. मात्र ती चांदी लॉरिऑनच्या बोगद्यांत ज्यांनी खणली ते गुलाम होते. त्यांचे घर या मोजमापात नाही. वाढ झाली हे खरे. ती कुणाच्या खात्यावर जमा झाली हे आकडे सांगत नाहीत.

संस्था हाच घटक निर्णायक होता याची कसोटी म्हणून रोड्सकडे पाहावे. अथेन्सचे वजन घटत असताना, इ.स.पूर्व ३२३ च्या सुमारास, डायोनिसोडोरस नावाच्या व्यापाऱ्याने अथेन्सच्या सावकाराकडून ३००० द्राख्मा घेतले, इजिप्तहून धान्य आणायचे कबूल केले, आणि अथेन्सला भाव पडल्याचे कळताच ते रोड्सलाच उतरवून विकले. रोड्स पुढे दीडशे वर्षे भूमध्याची पेठ झाले. त्याच्या नावाने ओळखला जाणारा नियम, वादळात काहींचा माल फेकून गलबत वाचले तर तोटा सर्वांनी वाटून घ्यायचा, रोमन कायद्याच्या संहितेत शिरला आणि आजही जहाज-विम्यात जिवंत आहे. २०२१ मध्ये सुएझच्या कालव्यात अडकलेल्या ‘एव्हर गिव्हन’च्या मालकांनी तोच लागू केला. पण इ.स.पूर्व १६७ नंतर रोमने डेलॉस बेट जकातमुक्त बंदर करून टाकले, आणि पॉलिबिअसने दिलेल्या रोडियन वकिलाच्या तक्रारीनुसार रोड्सचे बंदराचे उत्पन्न दहा लाख द्राख्मांवरून दीड लाखावर आले. रोड्स बेटाची जागा, वारे, आरमार, काहीच हलले नव्हते.

हीच गोष्ट त्या जगाच्या पूर्वेच्या टोकाला आपल्या किनाऱ्यावरही दिसते. व्हिएन्नात असलेल्या इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातल्या एका पपायरसवर केरळच्या मुझिरिसहून इजिप्तला आलेल्या ‘हर्मापोलॉन’ गलबताचा माल आणि त्यावरचे कर्ज नोंदले आहे. मालाची किंमत ७० लाख सेस्टर्सच्या घरात आणि चतुर्थांश जकात. आंद्रोक्लिसचा रोखा ज्या जातीचा, हा कागद त्याच जातीचा, फक्त पाचशे वर्षांनी मोठा झालेला. मुझिरिसच्या या समृद्धीच्या शंभरेक वर्षे आधी लिहिलेल्या ‘पेरिप्लस’मध्ये एका अनाम ग्रीक दर्यावर्दीने कल्याणबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत. थोरल्या सारागनसच्या, बहुधा कुणा सातकर्णीच्या, काळात ते रीतसर बंदर होते, असे तो म्हणतो. सत्ता सांदनेस नावाच्या दुसऱ्या कुणाकडे गेल्यावर तिथला व्यापार अडवला गेला. खाडी तीच, मान्सूनचा वारा तोच. आता चुकून एखादे ग्रीक गलबत कल्याणला लागलेच, तर त्यावर पहारा बसवून, मालासकट, उत्तरेला भडोचकडे नेत.